दहावा भाग

पालीच्या येसूबाईंना अंतराळयानं, परग्रह यातलं काहीच कळत नसे. तरी दर रविवारी त्या हातातलं काम टाकून टीव्हीसमोर बसायच्या, कारण त्या मालिकेतला कॅप्टन त्यांच्या मुलाच्या आवाजात मराठी बोलायचा. प्रमोद मुंबईला डबिंग करत होता.

"आये, दहावा भाग चुकवू नको हां," त्याने फोनवर बजावलं होतं. "कालच वाचला मी. त्यात लढाई नाय, काय नाय. कॅप्टन वीस वर्षांनी आपल्या आईला भेटायला घरी येतो."

त्याच आठवड्यात प्रमोद अपघातात गेला.

महिन्याभराने दहावा भाग लागला. प्रमोद गेल्यापासून बंद असलेला टीव्ही येसूबाईंनी स्वतःच लावायला सांगितला. "आवाज मोठा कर गो," त्या मुलीला, दर्शनाला, म्हणाल्या आणि अगदी पुढ्यात जाऊन बसल्या.

पडद्यावर यान उतरलं. एका म्हातारीने दार उघडलं. कॅप्टन दोन पावलं पुढे आला आणि त्याने हाक मारली, "आई!"

आवाज दुसऱ्याच कुणाचा होता. रेकॉर्डिंग व्हायच्या आधीच प्रमोद गेला होता.

दर्शनाने घाईघाईने रिमोट उचलला. येसूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. 



"बंद नको करू," त्या म्हणाल्या. "ह्या पोराची आय पण कुठेतरी ऐकत बसली असेल."