स्टेजखालची जागा

सत्काराला तासभर उरला होता आणि सरपंच देविदासला झकास कल्पना सुचली. उपरण्यात गुंडाळलेलं हरणाचं पाडस त्यानं सेवा आडेच्या मांडीवर आणून ठेवलं. साहेब शाल घालतील तेव्हा असंच धरून बसा म्हणाला, फोटो पेपरात येईल.

म्हातारा दचकलाच. त्याला तांड्यावरून फेटा बांधून आत्ताच आणलं होतं. कळमनुरीच्या अंगाला स्वतःचं चराईचं रान हरणांसाठी राखणारा पहिला माणूस तो. नऊ एकरांतल्या निम्म्यावर गुरं चारायची, निम्म्या गवतात कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही. वीस वर्षं लोक त्याला येडा म्हणत आले. आता बॅनरवर ‘हरणांचे कैवारी’ लिहिलं होतं, आणि मंडप नेमका त्याच राखलेल्या गवतात ठोकला होता. सपाट जागा दिसली ना!

“कुठं घावलं हे?”

“इथंच, सकाळी स्टेज टाकताना. मायनं टाकून दिलं व्हतं. आमी वाचवलं.”

“टाकलं न्हाई रे, ठेवलं व्हतं,” सेवा म्हणाला. “पाजायला ती त्याच जाग्यावर येती. स्टेज उचला.”

देविदासनं परोपरीनं सांगितलं. साहेबांची गाडी निघाली होती, हार आले होते, माणसं जमली होती. सेवानं सगळं ऐकून घेतलं. मग पाडस बायकोकडं, रूपाबाईकडं दिलं, फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि स्वतःच सतरंजी ओढू लागला. ते बघून बाकीचेही फळ्या उचलायला आणि मंडप सोडायला लागले.

पाडस दबलेल्या गवतात ठेवलं. त्यानं हनुवटी जमिनीला टेकवली. सगळी माणसं लांबच्या बांधामागं जाऊन बसली.

साहेब आले तर स्वागताला कुणी उठेना. रूपाबाईनं ओठांवर बोट ठेवून त्यांना मातीतच जागा दाखवली. बिचारे बसले, शाल मांडीवर घेऊन.

ऊन डोक्यावर आलं. सेवाचे डोळे गवतावरून हलत नव्हते. सकाळपासून लेकराच्या पोटात दूध नव्हतं.

शेवटी हरणी दिसली. थांबली, वास घेतला, लांबून एक वळसा घातला आणि सरळ त्या जागेवर आली. पाडस लटपटत उठलं आणि प्यायला लागलं.

देविदासला भरून आलं. त्यानं टाळी वाजवायला हात उचलले.

रूपाबाईनं ते वरच्या वर धरून ठेवले.