दोन इकडे, एक तिकडे

रामेनच्या, म्हणजे जपानी नूडल्सच्या, त्या दुकानात नऊच स्टुलं होती, सगळी एका ओळीत, आचाऱ्याकडे तोंड करून. डेंटिस्टने तीन आठवडे आधी जागा धरली होती. तिला सलग तीन स्टुलं हवी होती, मधलं स्वतःसाठी. मिळाली ती दोन या टोकाला आणि एक त्या टोकाला. आता काही बदलता येणार नाही, असं आचाऱ्याने उकळत्या पातेल्यावरून मानही वर न करता सांगितलं.

आधी लायब्ररीवाली आली, तिच्या पाठोपाठ केमिस्ट. दुसरीही येणार आहे, हे त्यांच्या तिसऱ्या मैत्रिणीने, डेंटिस्टने, दोघींपासूनही लपवलं होतं. अकरा महिने त्यांचा अबोला चालू होता. केमिस्टने औषधाचं दुकान सांभाळून, वयाच्या बावन्नाव्या वर्षी कवितांचं पुस्तक काढलं होतं, आणि कॉलेजपासूनची मैत्रीण असलेली लायब्ररीवाली त्यावर एवढंच म्हणाली होती, की कागद चांगला वापरलाय.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग डेंटिस्टकडे. ती तोवर पलीकडच्या टोकाला जाऊन बसलीसुद्धा होती. मध्ये सहा अनोळखी माणसं. उठून जावं, असं दोघींच्याही मनात आलं. पण रश्श्याचा वास असा सुटला होता, की पाय निघेना.

वाडगे आले. ओटा इतका अरुंद, की दोन वाडगे एकमेकांना टेकले. वाफेने लायब्ररीवालीचा जाड चष्मा धुरकटला. तिने पुसला, पुन्हा धुरकटला. तिसऱ्या वेळी तिने तो काढून पर्समध्येच टाकला. चष्म्याशिवाय तिला स्वतःचा हातही नीट दिसत नाही, हे केमिस्टला पक्कं माहीत होतं.

लायब्ररीवालीच्या चॉपस्टिक्सच्या काड्या पुढे आल्या, हवेत जरा घुटमळल्या आणि केमिस्टच्या वाडग्यात उतरल्या. तिथलं अर्धं अंडं उचललं गेलं. डोळे मिटून, चवीने खाल्लं गेलं. केमिस्ट बघत राहिली. बोलावं तर अबोला मोडतो, न बोलावं तर अंडं जातं. तेवढ्यात काड्या उरलेल्या अर्ध्यासाठी परत आल्या.

"ते माझं आहे," केमिस्ट म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग मागायचं होतंस."

"दिलं असतंस?"

केमिस्टने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

दोघींनी नूडल्स ओढल्या. मग केमिस्टने वाडग्यात बघतच विचारलं, पुस्तक वाचलं तरी होतंस का?

तीनदा वाचलं, असं लायब्ररीवाली म्हणाली. बऱ्याचशा कविता डोक्यावरून गेल्या, आणि पुस्तकांत जन्म घालवलेल्या बाईने ते कबूल कसं करायचं, म्हणून नुसतं कागदाबद्दल बोलले.

"एक कळली. तुझ्या आईच्या गोळ्यांच्या डबीवरची. त्या दिवशी मी जेवले नाही."

"अगं, मग ते सांगायचं ना."

"तुझ्यासमोर रडत बसायचं?"

केमिस्टने नाक ओढलं. तिखटाने ओढलं, असं तिने पुढे कायम सांगितलं. मग उरलेलं अर्धं अंडं तिने स्वतःच उचललं, मैत्रिणीच्या वाडग्यापर्यंत नेलं, आणि ते काड्यांतून निसटून असं आपटलं, की रस्सा थेट लायब्ररीवालीच्या कपाळावर उडाला. आंधळेपणाने तिने जो कपडा ओढून तोंड पुसलं, तो कपडा म्हणजे केमिस्टच्या बाहेर घालायच्या एकमेव इस्त्रीच्या कुर्त्याची बाही होती. आधी एक हसली, मग दुसरी. आचाऱ्यानेही मान वर केली.

पलीकडे डेंटिस्टची मान उंच करकरून अवघडली होती. तिच्या नूडल्स फुगून वाडगाभर झाल्या होत्या. काय झालं, असं तिने शेजारच्या माणसाला विचारलं. त्याने त्याच्या शेजारच्याला विचारलं. प्रश्न सहा माणसांतून सरकत या टोकाला पोचला. इकडून उत्तर निघालं, आणि तसंच माणसामाणसांतून परत गेलं.

शेवटचा माणूस जरा संकोचला.

"त्या दोघी म्हणतायत," तो म्हणाला, "मुकाट्याने जेव."

डेंटिस्टने मान डोलावली आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच काड्या हातात घेतल्या.