चौकशीची गाडी

"मी गाडी मागितली होती, ड्रायव्हर नाही!"

शरच्चंद्र भिड्यांचा आवाज सोलापूर विमानतळाच्या दारात असा चढला, की बॅगा ओढत निघालेली माणसं वळून बघायला लागली.

समोरचा पन्नाशीचा माणूस त्यांच्या नावाची पाटी धरून शांत उभा होता. "नुसती गाडी न्हाय मिळायची साहेब. मी कुंडलिक. कुटं जायाचं तेवढं सांगा."

"गाडी मी स्वतः चालवणार, असं फोनवर ठरलं होतं. लायसन्सचा फोटो पाठवेपर्यंत सगळं गोड, आणि आता ही तऱ्हा!"

"चला की. ऊन लई हाय."

शरच्चंद्रांनी गाडीचं दार आपटलं. खरं तर राग गाडीवर नव्हताच. तो पंधरा दिवसांपूर्वीचा होता.

एकुलत्या एक इंद्रायणीनं जेवता जेवता सांगितलं होतं, की ऑफिसातल्या इंद्रजीतशी लग्न करायचंय. बार्शीकडच्या खडकवाडीचा आहे. "त्याचे वडील तिकडे..." इथपर्यंत ती आली आणि यांनी ताट सरकवलं. पुढचं एक अक्षर ऐकून घेतलं नाही. शेवटी पोरगीच म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतः जाऊन चौकशी करा. मुलगा वाईट निघाला तर मी त्याचा नाद सोडेन. पण चांगला निघाला तर हसत लग्न लावून द्यायचं." आणि हे हेडमास्तर शब्द देऊन बसले.

"आसपासचा भाग बघायचाय," असं त्यांनी सुरुवातीला मोघम सांगितलं. पण शहर मागं पडलं तसं त्यांना राहवेना. मनातली सगळी जळजळ त्यांनी त्या परक्या माणसासमोर ओकली. इंद्रायणी, तो मुलगा, तिची अट, सगळं.

"म्हंजी पोरगं वाईट निघालं की मिटलं?" कुंडलिकनं विचारलं.

"मिटलं. माझी मुलगी शब्दाची पक्की आहे."

खडकवाडीच्या वेशीजवळ कुंडलिकनं लिंबाखाली गाडी लावली. "तुमी उतरू नका. शेरातला मानूस दिसला की गाव खरं बोलत न्हाय. मी इचारून येतो."

सकाळपासून हा पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं बोलला, असं शरच्चंद्रांना वाटलं. त्यांनी मान हलवली. कुठूनसं एक तांबडं कुत्रं शेपूट हलवत आलं आणि कुंडलिकच्या पायात घोटाळत त्याच्यामागं गावात गेलं.

अर्धा तास झाला. शरच्चंद्र घामानं निथळत होते, चडफडत होते. कुंडलिक आला तो तोंड धुऊन, चहा पिऊन.

"चहा झोडत बसलात होय? आणि मी इथे भाजतोय!"

"चहाबिगर कोन बोलतंय व्हय?"

"बरं, काय म्हणाले?"

कुंडलिकनं समोरच्या काचेकडं बघत सांगितलं, "पितो म्हनं."

"काय?"

"दारू." त्यानं गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसलं. "लई पितो."

"वाटलंच मला! आणि घरचे?"

"आई गरीब हाय. बाप मातूर लई हट्टी. त्याला शेरातली सून नकोच हाय. पोरगं कायमचं तिकडलं हुईल, परत गावाकडं बगनार न्हाय, आसं म्हनतो."

"नको?" शरच्चंद्र उसळले. "माझी मुलगी नको? एम.टेक. झालीय ती! लायकी काय त्या माणसाची?"

कुंडलिकनं स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी अशी काढली, की पहिल्याच खड्ड्यात शरच्चंद्रांचं डोकं टपाला लागलं. "नीट चालवा हो!" ते ओरडले आणि त्याच तिरमिरीत त्यांनी मुलीला फोन लावला.

"इंद्रायणी, नकार. दारुडा आहे तो."

"शक्यच नाही. बाबा, कुणाला विचारलंत?"

"गावात विचारलं. गावातल्याच माणसांना. आता तुझा शब्द पाळ."

पलीकडून ती "बरं" म्हणाली. तिचा असा आवाज त्यांनी तिची आई वारली त्या दिवसानंतर ऐकला नव्हता. त्यांना स्वतःचाच राग आला, आणि तोही त्यांनी त्या इंद्रजीतच्या नावावर टाकला.

सोलापुरात लॉजसमोर कुंडलिकनं त्यांना उतरवलं. "या," एवढंच म्हणाला. दोन पायऱ्या चढल्यावर शरच्चंद्रांच्या लक्षात आलं, चष्मा मागच्या सीटवर राहिला. ते पुटपुटत परत फिरले.

गाडी तिथंच होती. काच खाली होती. कुंडलिक फोन कानाला लावून टॉवेलनं डोळे पुसत होता.

"मोडलं गं बजे," तो म्हणत होता. "लायसनवर नाव बगूनच मी सोता गाडी घिऊन गेलो हुतो. इंद्रजीतला सांग, तुझ्या बापानं न्हाय मोडलं. नकार पोरीच्या बापानंच दिलाय."