केस एकेचाळीस : अपूर्ण

पाहुणा आजही आला. तीन वाजून दहा मिनिटांनी. केस एकेचाळीस उघडली, सातव्या पानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. अर्ध्या तासाने वेबसाइटनेच त्याला बाहेर काढलं. नोंद पडली : अपूर्ण.

वायरवाल्या काकांनी कपाळाला हात लावला. ते मेडिकल कॉलेजात प्रोजेक्टर दुरुस्त करायला म्हणून आले होते आणि वेबसाइट गळ्यात पडली होती. खऱ्या रुग्णाला हात लावण्याआधी मुलं या वेबसाइटवरच्या रुग्णांवर हात साफ करत. दर पानावर चार पर्याय, कोपऱ्यात केसचं स्वतःचं घड्याळ. चुकलं की रुग्ण जायचा. कुणी रडायचं नाही. पुन्हा पान एक.

केस एकेचाळीसमधली मुलगी तीनशे बारा जणांच्या हातून गेली होती. "काका, आम्ही नाही मारत तिला," मुलं म्हणायची, "तुमची वेबसाइट मारते."

*पान १. मुलगी, वय चार. सकाळपासून उलट्या. आता जरा शांत. आई दाराशी उभी आहे.*
*(क) सलाइन लावा. (ख) रक्त तपासायला पाठवा. (ग) सोनोग्राफी करा. (घ) आईशी बोला. सहा मिनिटं जातील.*

केस लिहिली होती बालरोगाच्या मॅडमनी. चार वाजता काका त्यांच्या खोलीत गेले.

"मॅडम, एकेचाळीस आज पाचला जाणार. वर्षभरात जी केस एकानेही पूर्ण केली नाही ती काढायची, असा वरून आदेश आहे. खरं सांगा, ती सुटते तरी का?"

"सुटते. पहिल्याच पानावर. घ."

"सहा मिनिटं घालवून? तुम्हीच तर शिकवता, आधी नातेवाइकांना बाहेर काढा म्हणून."

"शिकवायचे," मॅडम म्हणाल्या. "आणि काढायचेही."

मग त्यांनी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आई गरोदर होती. तिच्या लोहाच्या गोळ्या, लाल, वरून गोड. मुलीने चॉकलेटसारख्या खाल्ल्या. दुपारी जरा बरी वाटली, हाच त्या विषाचा दगा. आईच्या मुठीत रिकामं पाकीट होतं. ते दाखवायला ती दोनदा आत आली. "बाई, बाहेर थांबा, आम्हाला काम करू द्या," असं मॅडमनी तिला दोनदा सांगितलं. पाकीट त्यांनी पाहिलं ते नंतर. सगळं आटोपल्यावर.

"केस लिहिली तेव्हा परवानगीसाठी तिच्या घरी गेले. जसं घडलं तसंच लिहिलं होतं. तिने सगळं वाचलं. म्हणाली, यात मला कुणी विचारतच नाही. विचारायची सोय करा, मग सही करते."

म्हणून घ. आणि घ दाबला, पुढे न चुकता गेलं, की :

*पान ७. औषध वेळेत मिळालं. मुलगी उठून बसली आहे. पाणी मागते आहे.*

काका म्हणाले, "घ दाबणारं एकच माणूस आहे. नाव न टाकता, पाहुणा म्हणून येतं. रोज. रविवारीसुद्धा. सातव्या पानावर येतं आणि बसून राहतं. खालचं 'केस संपवा' दाबत नाही. ते एकदा दाबलं असतं तरी केस वाचली असती."

"रोज किती वाजता?"

"तीन दहा."

मॅडमनी डोळे मिटले. ही वेळ मुलीच्या मृत्यूच्या कागदावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेली होती.

"सही केली त्या दिवशी मीच तिच्या फोनवर उघडून दिली होती," त्या म्हणाल्या. "एकदा बघा म्हणून."

"असं करू या," काका म्हणाले, "एखाद्या मुलाला बोलावतो, उत्तर सांगतो, दाबून घेतो."

"उत्तर सांगून? मग तीनशे बारा जणांना नापास कशाला केलं? स्वतःहून आईला विचारणारी ती एकटीच आहे. दाबायचं तर तिनेच."

त्यांनी फोन लावला. स्पीकरवर ठेवला. नंबर अकरा वर्षं तोच होता.

"ताई, त्या केसच्या शेवटी 'केस संपवा' असं बटण आहे. आज तेवढं एकदा दाबाल?"

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"ते दाबलं की ती परत पहिल्या पानावर जाते ना, मॅडम. उलट्या करत."

काकांनी मान खाली घातली. ती सोय त्यांनीच केली होती, पुढच्या विद्यार्थ्यासाठी.

"आणि नाही दाबलं तर?" तिने विचारलं.

काकाच म्हणाले, "पाचला काढून टाकावी लागेल. पूर्ण केसच."

"म्हणजे तीपण?"

"हो."

फोन बंद झाला.

दोघं काकांच्या टेबलाशी येऊन बसले. पडद्यावर नोंदी उमटत होत्या.

*४.४८. पाहुणा. केस ४१, पान १ : घ.*
*४.५१. पान ७.*

मग काहीच नाही. बावन्न. चौपन्न. सत्तावन्न. मॅडम पडद्याकडे बघत नव्हत्या. काकांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

*४.५९. केस संपवा. नोंद : पूर्ण.*

"वाचली," काका म्हणाले. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, आणि तेवढ्यात खाली आणखी एक ओळ आली.

*४.५९. पाहुणा. केस ४१, पान १ : घ.*