तीन कड्या

वस्तीतल्या दुकानात चिप्स आणि कोल्ड्रिंकशिवाय काही मिळत नसे. त्यामुळे शनिवार उजाडला की मधुमेहाने बेजार एदुविहेसचे कान फिदेन्सियोच्या भाजीच्या गाडीकडे लागायचे. कोपऱ्यावरून तो तीनदा हॉर्न वाजवायचा.

आज हॉर्न वाजला नाही. थेट दार वाजलं.

या देशात राहायचे कागद नसलेल्यांच्या गल्लीत दार वाजवतात ते फक्त धरून नेणारे इमिग्रेशनवाले.

"मावशी, मी फिदेन्सियो. लवकर उघडा, आज जरा आत घ्या मला."

आवाज त्याचाच वाटला. पण ओळखीचं नाव सांगून दार उघडायला लावतात, कोर्टाच्या हुकमाशिवाय मात्र त्यांना आत शिरता येत नाही, असं चर्चमध्ये बजावलं होतं. तिथेच पाठ करून घेतलेलं वाक्य ती कशीबशी बोलली, "कोर्टाचा कागद असेल तर दाराखालून सरकवा."

मग दाराखालून निवडुंगाचा हिरवागार फडा आत सरकला. काटे काढलेला, तिला भाजीसाठी लागतो तस्सा.

"मेल्या, जीव घेशील एक दिवस माझा!" ती हसत उठली आणि कड्या काढू लागली.

तिन्ही कड्या निघेपर्यंत भाजी पायरीवर विखुरली होती, आणि काळ्या काचांची एक गाडी गल्लीतून बाहेर वळत होती.