पाटावरचं हँडल

"हे काय मांडलंस मधेच?" काशीरामनं पाटावरचं हँडल उचललं आणि सुनेसमोर धरलं.

खंडेनवमीचा पाट होता. त्यावर जेसीबीच्या चाव्या, डंपरचा जॅक, पाने, कोयता, आणि काशीरामच्या बापाचं मिठागरातलं लाकडी फावडं. मिठागर कधीच भरावाखाली गेलं, फावडं मात्र दर वर्षी पाटावर येतं. त्या फावड्याशेजारी भाविकानं कॉफीच्या मशीनचं हँडल ठेवलं होतं. पूड दाबून भरतात ते, जड, लाकडी मुठीचं; त्याच्याशिवाय मशीनमधून थेंब पडत नाही.

"माझं हत्यार आहे, आबा."

"हत्यार?" काशीराम हसला. "हत्यारावर घर चालतं, बाय. हे खेळणं हाय." आणि त्यानं हँडल सोफ्यावर टाकलं.

तिचा नवरा दीपेश मान खाली घालून चाव्यांना झेंडू बांधत होता. लग्नाआधी हाच दीपेश पनवेलच्या कॅफेत तिच्या काउंटरसमोर बसून राहायचा, समोरची कॉफी थंड होईपर्यंत. लग्न झालं आणि म्हणाला, तुला कॉफीच करायचीय ना, घरी कर. गव्हाणच्या बंगल्यात इटलीचं मशीन आलं. लोक सुनेच्या अंगावर डागिने घालतात, ह्यांनी तिच्या तोंडावर मशीन मारलं. तेव्हापासून येईल त्या पाव्हण्याला लाटे. सरपंच आला, लाटे. जमिनीचा दलाल आला, लाटे. फेसावर बदाम काढून दाखव, मोर काढून दाखव. नंदीबैलाला मान हलवायला लावतात, तसं.

सकाळी निशाचा फोन आला होता. जुनी मैत्रीण, कॅफेतली. पळस्प्याच्या नाक्यावर ती स्वतःचं दुकान टाकत होती आणि मशीनवर तिला भाविकाच हवी होती. "आज संध्याकाळपर्यंत सांग. नाहीतर मी दुसरी मुलगी बघते." भाविकानं दीपेशला विचारलं. "आमच्या घरची सून हायवेवर लोकांना कॉफी पाजणार?" तो एवढंच म्हणाला आणि झेंडू आणायला निघून गेला.

पूजा उरकली. काशीरामचा फोन वाजला. साइटवरचा मुकादम होता.

"नाय म्हणजे नाय," काशीराम फोनवर म्हणाला. "खोदाई अडू दे नायतर आभाळ पडू दे. आज हत्यार पुजलंय, ते हलणार नाय. ड्रायवर घरी झोपलेत, झोपू दे त्यांना. उद्या सोनं लुटलं की काढीन बाहेर."

आत स्वयंपाकघरात त्याची बायको कृष्णाबाई विळीवर भोपळा चिरत होती. चिरण्याचा आवाज बाहेर येत होता.

तेवढ्यात बिल्डर विनायकशेठ दोन माणसं घेऊन आला. चपला दारात काढता काढता म्हणाला, "काशीरामदादा, ह्यांना मुद्दाम आणलंय. म्हटलं, अख्ख्या उलव्यात मिळणार नाही अशी कॉफी तुमची सूनबाई करते."

"वहिनी, आमच्यावर बदाम नको हां काढू," त्यातला एक म्हणाला. "आमचं लग्न झालेलं आहे." तिघं हसले. दीपेशही हसला.

"सूनबाई," काशीरामनं पाय पसरत सांगितलं, "तीन लाटे कर. दूध घट्ट घे."

भाविका उठली. तिनं सोफ्यावरचं हँडल उचललं. सगळ्यांना वाटलं, निघाली मशीनकडे. ती पाटासमोर जाऊन बसली. हळदीत एक बोट बुडवलं, कुंकवात दुसरं. दोन्ही बोटं लाकडी मुठीवर ओढली. वर अक्षता टाकल्या आणि हँडल फावड्याच्या शेजारी, आधी होतं तिथंच ठेवलं. हात जोडले.

"आज नाही मिळणार, आबा," ती म्हणाली. "पुजलंय."

विनायकशेठनं काशीरामकडे बघितलं. दीपेश ताडकन उठला. "भाविका, लोकांसमोर नाटक नको. पूस ते." आणि त्यानं हँडलकडे हात नेला.

"हात नको लावूस त्याला."

हे काशीराम ओरडला होता. पोराचा हात तसाच अधांतरी राहिला. पुजलेलं हत्यार त्या दिवशी पाटावरून उचलायचं नसतं, हे काशीरामनं ह्याच पोराला लहानपणी मुस्कटात देऊन शिकवलं होतं. मघाशी अख्खी साइट त्यानं ह्याच शब्दावर बंद ठेवली होती. त्याच्या बापाच्या फावड्याला टेकून ते खेळणं आता हळदकुंकू लावून बसलं होतं, आणि त्याला काही करता येत नव्हतं.

"उद्या," तो दात दाबून म्हणाला. "उद्या चालंल ते."

"हो. उद्या बाहेर काढतात हत्यार."

तिनं फोन घेतला. आत गेली नाही, आवाजही खाली केला नाही. "निशा, माझं हो आहे. उद्या सोनं लुटून झालं की येते पळस्प्याला."

"मग आम्हाला काय आता, चहा?" विनायकशेठ हसायला गेला. कुणीच हसलं नाही, तेव्हा तोही थांबला.

आतला भोपळा चिरायचा आवाजही थांबला होता. कृष्णाबाई दारात येऊन उभी राहिली. हातात विळी, पात्याला भोपळ्याची बी चिकटलेली. नवऱ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"बाय," ती सुनेला म्हणाली, "ती हळदकुंकवाची वाटी इकडं दे जरा."