जिराफाचं तिकीट

“आधी मला पत्र वाचू दे गं, मग तिकीट तुझंच!” बाबा नेहमी बजावायचे. पण नैरोबीला दिलेल्या ताईचं घडीचं निळं पत्र आलं आणि त्या कागदावरच जिराफाचं तिकीट छापलेलं होतं. शाळकरी मला धीर कुठला? मी कात्री चालवली.

बाबांनी भोक पडलेलं पत्र डोळ्यांसमोर धरलं आणि हसले. “जिराफानं चार शब्द खाल्ले की!” उरलेलं वाचून त्यांनी उत्तर धाडलं, ‘सुखानं नांद, बाळ.’

त्यानंतर ताईची पत्रं उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखी आटत गेली. मी कॉलेजात असताना वहीतलं ते तिकीट सुटून आलं. मागे ताईचं बारीक अक्षर होतं, ‘मी घरी परत येऊ?’ मी तिकीट पुन्हा चिकटवलं आणि गप्प राहिले.

आज बाबांच्या दहाव्याला ताई आली. केस पांढरे, मनगटावर भाजल्याचा जुना व्रण. फोटोकडे बघत म्हणाली, “एकदाच विचारलं होतं त्यांना. म्हणाले, नांद.”

मी वही उघडली. जिराफ सोडवून तिच्या तळहातावर पालथा ठेवला.

“ताई, बाबांनी हे वाचलंच नव्हतं गं. मी कापलं होतं.”